स्तोत्र ४२–४३

बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेचा दुसरा भाग ज्यांनी सुरू होतो ती दोन स्तोत्रे. पाण्यासाठी लुलपणारी हरिणी आणि खिन्न जिवाची समजूत घालणारे, तीनदा येणारे पालुपद (४२:५, ४२:११, ४३:५) यांमुळे निराशेतही देवावर भरवसा ठेवणाऱ्याची प्रार्थना म्हणून ख्रिस्ती भक्तिजीवनात त्यांना मोठे स्थान आहे.

ही मुळात एकच रचना असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पालुपद समान आहे, ४२:९ व ४३:२ यांतील प्रश्न जवळजवळ एकच आहेत आणि काही हिब्रू हस्तलिखितांत दोन्ही स्तोत्रे सलग लिहिलेली आढळतात. ४२ला ‘कोरहाच्या मुलांचे (मंदिरातील एका गायक घराण्याचे) मस्कील (गीताचा एक प्रकार)’ असे शीर्षक आहे, ४३ला हिब्रूत शीर्षकच नाही. सेप्तुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात ४३ दाविदाच्या नावावर आहे, पण ती नंतरची भर दिसते.

मूळ हिब्रू पाठाविषयीचा एक प्रश्न विशेष चर्चिला गेला आहे. ४२:५च्या शेवटी परंपरागत हिब्रू पाठात ‘त्याच्या मुखाचे’ असा शब्द असून ‘माझ्या देवा’ हे शब्द पुढच्या वचनात जातात. इतर दोन ठिकाणी मात्र ‘माझ्या मुखाचे तारण आणि माझा देव’ असा पाठ आहे. ‘वाव’ हे एकच हिब्रू अक्षर आधीच्या शब्दाच्या शेवटावरून पुढच्या शब्दाच्या आरंभी नेले, की तिन्ही पालुपदे जुळतात. ग्रीक पाठाचाही याला आधार असल्याने ही दुरुस्ती अधिक ग्राह्य वाटते. पहिल्याच ओळीत हरणासाठीचे हिब्रू नाम पुल्लिंगी, तर क्रियापद स्त्रीलिंगी आहे. लेखनिकाकडून नामाच्या शेवटचे, स्त्रीलिंग दाखवणारे ‘ताव’ हे अक्षर गळले असावे. मराठी बायबलातील ‘हरिणी’ या तर्काशी जुळते.

यार्देन नदी, हर्मोन पर्वत आणि मिसार डोंगर यांच्या उल्लेखावरून कवी यरुशलेमच्या मंदिरापासून दूर, उत्तरेकडे असल्याचे दिसते. तो यहूद्यांच्या बाबिलोनमधील बंदिवासाच्या आधीचा की नंतरचा, यावर एकमत नाही.

जीव या अर्थी आलेल्या ‘नेफेश’ या हिब्रू शब्दाचा एक जुना अर्थ घसा असा आहे. म्हणून तहानेची उपमा येथे केवळ अलंकार ठरत नाही. पालुपद तीनदा येऊनही कवीची परिस्थिती बदलत नाही. शत्रू ‘तुझा देव कोठे आहे?’ असे विचारतच राहतात, आणि ज्या देवाला तो ‘माझा खडक’ म्हणतो त्यालाच ‘तू मला का विसरलास?’ असेही विचारतो. ही तक्रार अविश्वास मानणे चूक होय. ती देवाकडेच केलेली आहे. पालुपदातील ‘मी अजून त्याचे स्तवन करीन’ यातले क्रियापदही भविष्यवाची आहे. बदल होतो तो मागणीत: ४२मध्ये आठवणी आहेत, ४३मध्ये वाट दाखवण्यासाठी प्रकाश व सत्य यांची याचना आहे.

गेथशेमाने बागेत येशू आपल्या जिवाविषयी ‘अति खिन्न’ या अर्थी जो ग्रीक शब्द वापरतो (मार्क १४:३४), तोच सेप्तुआजिंटच्या या पालुपदात आहे. रोमन कॅथोलिक चर्चच्या लॅटिन उपासनेत पुनरुत्थानाच्या जागरणविधीत बाप्तिस्मा-कुंडाकडे जाताना ४२ गायले जाई. मिस्सा म्हणजे भाकर व द्राक्षारसाची उपासना; तिच्या १५७०च्या ग्रंथानुसार वेदीच्या पायथ्याशी धर्मगुरू व सेवक ४३ आळीपाळीने म्हणत. मृतांसाठीच्या मिस्सेत ते गाळले जाई. १९६४च्या सुधारणेने ते मिस्सेच्या आरंभातून वगळले.