आमची बाजू आम्हीच मांडू: गुलामीविरोधातले काळे संपादक आणि वक्ते

अमेरिकेतल्या गुलामीविरोधी चळवळीची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा लिंकनपासून सुरू होते, फार तर 'लिबरेटर' या गुलामीविरोधी पेपरवाल्या गोऱ्या गॅरिसनचं नाव येतं. पण 'लिबरेटर' निघाला १८३१ मध्ये, आणि त्याच्या जवळपास चार वर्षं आधी, १६ मार्च १८२७ ला, न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म यांनी 'फ्रीडम्स जर्नल' काढलं होतं, काळ्या लोकांनी स्वतः चालवलेलं अमेरिकेतलं पहिलं वर्तमानपत्र. पहिल्याच अंकात त्यांनी सांगून टाकलं की आमच्या वतीने इतर लोक खूप बोलले, आता आमची बाजू आम्हीच मांडणार. पेपर दोनेक वर्षांत बंद पडला.

त्याचा बॉस्टनमधला एजंट डेव्हिड वॉकर, ज्याचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं, त्याने १८२९ मध्ये गुलामांना गुलामीविरुद्ध उठायला सांगणारं 'अपील' नावाचं पुस्तक स्वतःच छापलं. त्याची पानं बघण्यासारखी आहेत, ओळीने तीन-तीन उद्गारचिन्हं, मधेच सगळी मोठी अक्षरं, बोट दाखवणाऱ्या हातांची चित्रं, म्हणजे एकाने मोठ्याने वाचायचं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकायचं असा सगळा मामला. खलाशांच्या हातून प्रती गुलामी असलेल्या दक्षिणेतल्या बंदरांत पोचल्या आणि जॉर्जियाने घाईघाईने बंदीचा कायदा केला. १८३० मध्ये वॉकर गेला, विषप्रयोगाची बोलवा उठली, पण नोंद क्षयाची आहे.

'लिबरेटर'सुद्धा काळ्या वाचकांच्याच जिवावर उभा राहिला, फिलाडेल्फियात शिडं बनवणाऱ्या जेम्स फोर्टनने २७ वर्गण्यांचे ५४ डॉलर आगाऊ पाठवले होते. मरिया स्ट्युअर्ट ही काळी वक्ती १८३२ मध्ये बॉस्टनला स्त्री-पुरुषांच्या सभेत बोलली, तेव्हा बाईने असं बोलणं लोकांच्या पचनी पडणारं नव्हतं. गॅरिसनने तिची भाषणं छापली खरी, पण बायकांच्या वेगळ्या सदरात.

गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसलाही, आपली जागा इतरांनी ठरवायची, या दुखण्याचा अनुभव आला. चळवळीतले गोरे मित्र म्हणायचे, तू फक्त हकिकत सांग, तत्त्वज्ञान आम्ही बघतो. वर त्याचं इंग्रजी इतकं सफाईदार की हा कधी गुलाम होता का, अशी शंका लोक घेऊ लागले, म्हणून १८४५ मध्ये त्याने मालकाच्या नावागावासकट आत्मचरित्र लिहिलं आणि मग पकडले जाऊ नये म्हणून ब्रिटन गाठलं. परत आल्यावर गॅरिसनचा विरोध पत्करून ३ डिसेंबर १८४७ ला रॉचेस्टरमधून स्वतःचा पेपर 'नॉर्थ स्टार' सुरू केला. ५ जुलै १८५२ चं त्याचं भाषण, गुलामाला तुमच्या ४ जुलैचं, म्हणजे स्वातंत्र्यदिनाचं काय, हे तर पुस्तिका म्हणून लगेच छापलं गेलं.

गुलामीतून सुटलेल्या वक्त्या सोजर्नर ट्रुथला मात्र स्वतःचा पेपर नव्हता, तिला लिहितावाचताही येत नव्हतं. १८५१ च्या स्त्री-हक्क परिषदेतलं तिचं अ‍ॅक्रनचं भाषण महिन्याभरात 'अँटी-स्लेव्हरी ब्यूगल' या पेपरमध्ये आलं, ते साधं, सरळ इंग्रजीत. मग १८६३ मध्ये त्या परिषदेच्या अध्यक्ष, गोऱ्या फ्रान्सिस गेज यांनी आपल्या आठवणीतून लिहिलं तेव्हा त्यात 'मी बाई नाही का' हे पालुपद आलं, आणि दक्षिणेकडची बोलीही. ट्रुथ न्यूयॉर्क राज्यात वाढलेली, लहानपणी डच बोलणारी, आणि तरी जगभर फेमस झालं ते गेजबाईंचंच भाषण.