व्हेंटिलेटर काढणं इस्लाममध्ये नेहमीच हराम (धर्माने निषिद्ध)? खुलासा

एक समज ऐकू येतो: इस्लाममध्ये व्हेंटिलेटर काढणं म्हणजे खूनच, मग रुग्णाची अवस्था काहीही असो. हे खरं नाही. १९८६ सालीच जॉर्डनमधल्या अम्मानमध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीने ठरवलं, की मेंदूचं काम कायमचं थांबल्याची तज्ज्ञ डॉक्टरांनी खात्री केली, तर यंत्राच्या जोरावर हृदय धडधडत असलं तरी यंत्र काढता येतं. सगळ्या उलेमांना (इस्लामी धर्मपंडितांना) हे मान्य नाही, पण म्हणून सरसकट बंदीही नाही. जीव घेणारं इंजेक्शन मात्र हरामच. आयसीयूबाहेर संमतीपत्र हातात घेऊन थरथरणाऱ्या मुलाला हा फरक कुणीतरी जवळ बसून सांगायला हवा. मेंदू मृत झालेल्या वडिलांची नळी काढायला त्याने होकार दिला, तर अकादमीच्या या निर्णयानुसार तो खुनी ठरत नाही.