बेंड अडतो तो तिसऱ्या तारेवर

ॲकॉस्टिक गिटारवर बेंड मारताना, म्हणजे तार बोटाने आडवी ओढून सूर चढवताना, बोटं सोलवटतात आणि सूर मात्र हवा तितका चढत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधी एकच विचारतो: सध्या तारांचा कोणता सेट आहे? बहुतेकांचं उत्तर असतं, 'लाइट'. लाइट म्हणजे साधारण पहिली तार .०१२ इंच जाड ते सहावी .०५३; कंपनीगणिक थोडा फरक पडतो. बेंडसाठी हा सेट चांगलाच जड आहे.

साडेपंचवीस इंची स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) गिटारवर .०१२ ची पहिली तार सुरात आणली की तिच्यावर सुमारे साडेदहा किलो ताण येतो. .०११ वर तो नऊ किलोच्या आसपास, तर .०१० वर सव्वासात. भावगीतातल्या छोट्या मींडेला .०११ चा सेट पुरतो. ब्लूजसारखा पूर्ण सुराचा बेंड हवा असेल तर .०१० घ्या, आवाज थोडा पातळ होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

पण खरी गोम तिसऱ्या तारेत आहे. इलेक्ट्रिक गिटारवर ही ‘G’ सुराची तार सहसा प्लेन, म्हणजे नुसती एकेरी असते. ॲकॉस्टिकच्या सेटमध्ये मात्र वरून बारीक तार गुंडाळलेली येते. लाइट सेटमधली .०२४ ची ही तार साडेतेरा किलोच्या वर ताण घेते. तिच्या जागी .०१७ ची प्लेन तार टाकली की ताण साडेसात किलोवर येतो. शिवाय तितकंच ओढूनही प्लेन तारेचा सूर कितीतरी जास्त चढतो. बाकीचा सेट तोच ठेवून एवढी एकच सुटी तार बदलली, तरी हाताला लगेच फरक कळतो.

याची किंमतही आहे. ओपन कॉर्डमध्ये (काही तारा न दाबता वाजवायच्या कॉर्डमध्ये) ही तार वेगळी, टणत्कारत ऐकू येते. सॅडल (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी) गुंडाळलेल्या तारेच्या हिशेबाने घासलेला असल्यामुळे वरच्या फ्रेटवर ती किंचित चढी बोलते. नटची (नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीची) खाचही तिला सैल पडते. म्हणून दिवसभर स्ट्रमिंग करणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये.

सिल्क अँड स्टील (रेशीम आणि स्टील मिळून केलेल्या) तारा बोटांना मऊ लागतात खऱ्या, पण त्यातही तिसरी तार सहसा गुंडाळलेलीच असते. गुंडाळलेल्या तारेचा धातू फॉस्फर ब्राँझ की एटी-ट्वेंटी ब्राँझ, हे आवाजाच्या आवडीवर ठरवा. बेंडशी त्याचा फारसा संबंध नाही. कोटेड (संरक्षक थर दिलेल्या) तारा महाग पडतात, पण पावसाळ्यात लवकर गंजत नाहीत, आणि गंजलेली प्लेन तार बेंडमध्येच तुटते.

पैसे खर्च करण्याआधी एक करून बघा: सगळी गिटार अर्धा सूर उतरवा. ताण साधारण ११ टक्के कमी होतो. मूळ पट्टीत गायचं असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा.

बारीक सेट टाकल्यावर नेक थोडी सरळ होते आणि तारा खणखणू शकतात. ट्रस रॉड (नेकच्या आतली तिचा बाक ठरवणारी सळई) किंचित सैल केला की बहुतेक वेळा काम होतं, पण ते घरी करू नका. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलचा कोणताही सेट चढवू नका, ब्रिज उखडेल.

येताना गिटार सोबत आणा. तिसऱ्या तारेचं गेज (जाडी) आम्ही नट आणि सॅडल बघूनच सांगतो, फोनवर नाही.