डोळ्यात दडलेला घड

सप्टेंबरात नाशिकच्या द्राक्ष पट्ट्यात गेलात, तर एखाद्या छोट्या प्रयोगशाळेच्या दारात काड्यांच्या मोळ्या घेऊन उभे असलेले बागायतदार दिसतील. मोळीला सुतळी आणि सुतळीला चिठ्ठी. चिठ्ठीवर वाण, प्लॉट नंबर, खरड छाटणीची (फळ निघाल्यावर एप्रिलात वेल खोलवर कापतात ती) तारीख. आत टेबलावर सूक्ष्मदर्शक असतो. तपासणारा काडीवरचा एकेक डोळा ब्लेडने चिरतो, भिंगाखाली धरतो आणि सांगतो, "पाचवा रिकामा. सहाव्यात घड आहे, सातव्यात पण आहे." बागायतदार ऐकतो आणि कुठे कापायचं ते ठरवतो. याला काडी तपासणी म्हणतात.

डोळा बाहेरून पाहाल तर मसुरापेक्षा फार मोठा नसलेला, तपकिरी, मुका फुगवटा. आत मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटीत भरल्या जाणाऱ्या घडाचा आराखडा बसलेला असतो. आणि तो सप्टेंबरात तयार झालेला नसतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत, म्हणजे ऐन मे-जूनमध्ये, ही सूक्ष्म घडनिर्मिती उरकलेली असते. त्या वेळी डोळ्याच्या आत एक इवलासा उंचवटा असतो, त्याचं पुढे काय व्हायचं हे अजून ठरलेलं नसतं. भरपूर ऊन मिळालं आणि सायटोकायनिन या संप्रेरकाचं पारडं जड झालं, तर त्याचा घड होतो. आभाळ भरून राहिलं, वेल नुसती शेंडा धरून पळत सुटली, जिबरेलिन या वाढ पळवणाऱ्या संप्रेरकाचा जोर झाला, तर त्याच उंचवट्याची बाळी होते, वेलीला आधार धरायला मदत करणारा तो कुरळा तंतू. घड आणि बाळी ही एकाच घरातली भावंडं. जूनमध्ये ढगाळलेल्या आठवड्यांची किंमत शेतकरी फेब्रुवारीत मोजतो, ती यामुळे.

विश्रांती आणि नवी सुरुवात यांचा क्रम आपण मनात एका विशिष्ट पद्धतीने लावलेला असतो: आधी थकायचं, मग पडायचं, मग ताजंतवानं होऊन काहीतरी नवं सुरू करायचं. झाडांचा क्रम वेगळा आहे. सुरुवात आधी होऊन गेलेली असते. मग ती मिटून, झाकून, महिनोन्महिने ठेवलेली असते.

हिमाचल आणि काश्मीरमधल्या सफरचंदाचंही हेच. पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या यंदाची फळं फांदीवर असतानाच, उन्हाळ्यात, घडायला लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं गळून झाड काटकुळं होतं, तेव्हा प्रत्येक कळीत खवल्यांच्या आत फुलांची जुळणी झालेली असते. मग प्रश्न असा, की सगळं तयार असताना झाड थांबतं कशाला? डिसेंबरात चार दिवस छान ऊन पडतं, तेव्हाच का नाही उमलत?

कारण चार दिवसांनंतर पुन्हा पाणी गोठतं. उमललेलं फूल एका रात्रीत काळं पडेल. तेव्हा ऊबेवर विश्वास ठेवायचा नाही, हे झाडाला शिकावं लागलं आहे. डिसेंबरात सफरचंदाची किंवा पीचची फांदी कापून उबदार खोलीत पाण्यात ठेवा, आठवडे गेले तरी ती ढिम्म हलत नाही. तीच फांदी हिवाळा सरताना आणून ठेवा, थोड्याच दिवसांत फुलते. खोली तीच, ऊब तीच. कळीच्या आतलं कुलूप तेवढं उघडलेलं असतं. वनस्पतिशास्त्रज्ञ या दोन अवस्था वेगळ्या मानतात. पहिली झोप कळीची स्वतःची, आतून लागलेली. दुसरीत कळी जागी असते, पण बाहेर गारठा आहे म्हणून पांघरुणात पडून राहते. आपल्यापैकी बहुतेकांची डिसेंबरातली सकाळ या दुसऱ्या प्रकारात मोडते.

पहिलं कुलूप उघडतं ते थंडीनेच, ऊबेने नव्हे, आणि ही थंडी मोजून घेतली जाते. बागायतशास्त्रात जुना हिशेब 7.2 अंश सेल्सिअसच्या खालच्या तासांचा आहे. सफरचंदाच्या जुन्या, नामांकित जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात, पीचच्या काही जातींचं दोन-तीनशेतही भागतं. पण नुसते तास मोजून गणित जमेना. 1974 मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये एक सुधारित पद्धत निघाली. तिच्यात मधूनच दिवस तापला, तर जमा झालेल्या थंडीतून वजाबाकी होते. पुढे इस्रायलमधल्या संशोधकांनी, जिथे हिवाळा जेमतेमच असतो, आणखी बारीक विचार केला. त्यांच्या मते थंडीत कळीमध्ये आधी काहीतरी कच्चं तयार होतं, ऊन लागलं की ते विरतं. पण पुरेसं साठलं की त्याचा एक पक्का हप्ता बनतो, आणि तो हप्ता नंतर कितीही ऊन पडलं तरी मोडत नाही. आवर्ती ठेव आणि मुदत ठेव यांतला फरक समजणाऱ्याला हे सांगायला नको.

थंडी मोजणारं आत नक्की काय असतं? एक धागादोरा मेक्सिकोतून आला. तिथे पीचचं एक विचित्र झाड सापडलं, ज्याला विश्रांती माहीतच नव्हती. दिवस लहान झाले, गारठा पडला, तरी त्याचे शेंडे वाढतच राहायचे. उष्ण भागात ते चालून गेलं असतं. थंड प्रदेशात नेलं, तर गोठणाऱ्या रात्री कोवळे शेंडे मारून टाकीत, तेव्हाच त्याची वाढ थांबे. त्याच्या जनुकांत शोधल्यावर लक्षात आलं, की एकमेकांना चिकटून बसलेल्या काही जनुकांचा एक पट्टाच त्याच्यात बिघडलेला आहे. निरोगी झाडात हीच जनुकं कळीला झोपवतात आणि थंडी साठत गेली की हळूहळू गप्प होतात. म्हणजे झोप हा ऊर्जा संपल्याचा परिणाम नाही. ती चालवावी लागते, त्यासाठी यंत्रणा लागते, आणि यंत्रणा मोडली तर झाड झोपत नाही, थंडीत त्याचे शेंडे मरतात.

झोपण्याची रीतही सुरेख आहे. वनस्पतीच्या पेशी एकमेकींशी सूक्ष्म बोळांतून बोलतात, संप्रेरकं, साखर, निरोप सगळं त्यांतून ये-जा करतं. हिवाळ्यापूर्वी कळीतले हे बोळ कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजवले जातात. स्वीडनमधल्या उमेओ इथल्या गटाने 2018 मध्ये पॉप्लर जातीच्या झाडावर दाखवलं, की दिवस लहान झाल्याचा निरोप अॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकामार्फत पोचतो आणि त्यामुळे हे बोळ बंद होतात. बाहेरून "वाढा" असा निरोप आला तरी तो आत पोचतच नाही. दारं लावून, फोन बंद करून झोपणं म्हणतात ते हेच. थंडी पुरेशी झाली की बोळ मोकळे होतात.

थंडीची आठवण राहते कशी, याचं सगळ्यात नेटकं उत्तर मात्र झाडांतून नाही, मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या वीतभर तणातून मिळालं. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये कॅरोलाइन डीन यांच्या गटाने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. या रोपात फुलोऱ्याला अडवून धरणारं एक जनुक असतं, एफएलसी नावाचं. थंडीत ते बंद पडत जातं. आपण कल्पना करू, की दिव्याचा प्रकाश मंद करावा तसं ते प्रत्येक पेशीत हळूहळू मंदावत असेल. तसं होत नाही. प्रत्येक पेशीत ते एक तर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. थंडी जितकी लांबते तितक्या जास्त पेशी बंदच्या बाजूला जातात. जणू आवाजी नव्हे, हात वर करून मतदान चाललं आहे. बंद झालेली पेशी विभागली, तरी तिच्या लेकी बंदच राहतात. म्हणून वसंतात ऊब आली तरी झालेल्या हिवाळ्याचा विसर पडत नाही. पुढच्या पिढीला मात्र ही आठवण वारशात मिळत नाही. बी तयार होताना ती पुसली जाते, आणि प्रत्येक रोपाला आपला हिवाळा आपणच मोजावा लागतो.

हा शेवटचा मुद्दा एके काळी जीवावर बेतला होता. गव्हाला थंडी दाखवून लवकर फुलवण्याचा अभ्यास जर्मनीत 1918 मध्येच झाला होता. सोव्हिएत रशियात कृषितज्ज्ञ त्रोफिम लिसेंकोने तो उचलला आणि पुढे जाऊन असा दावा केला, की बियांना दिलेली थंडी पुढच्या पिढ्यांत उतरते. विज्ञानात हे टिकलं नाही, सत्तेला आवडलं. त्याला विरोध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव 1940 मध्ये पकडले गेले आणि 1943 च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात वारले. जगभरची बियाणी गोळा करणारा माणूस अन्नावाचून खंगत गेला.

असो. आपल्याकडे या. महाराष्ट्रात सफरचंदाला पुरेल असा हिवाळा नाही. हिमाचलातल्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी 'एचआरएमएन-99' ही जात शोधली, तिची कलमं आपल्याकडेही काहींनी हौसेने लावली आहेत, तो वेगळा विषय. पण द्राक्षाचं काय? मूळचा समशीतोष्ण प्रदेशातला हा वेल नाशिक-सांगलीत बर्फच पाहत नाही, त्यामुळे पूर्ण झोपतही नाही. आपल्या शेतकऱ्यांनी त्यावर दोन छाटण्यांचा तोडगा काढला. एप्रिलची खरड, ऑक्टोबरची गोडी, म्हणजे फळासाठीची. फळ निघाल्यावर खरड छाटणीआधी वेलीला दोन-तीन आठवडे विसावा देतात, शब्दही "विश्रांती" हाच वापरतात, म्हणजे मुळं आणि खोड रिकामी झालेली अन्नाची कोठारं थोडी भरून घेतात. आणि गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते डोळ्यातल्या पेशींचा श्वास थोडा विस्कटून टाकतं, आणि कडक थंडीतून गेल्यावर जसं होतं तसा डोळा जागा होतो. न आलेला हिवाळा बाटलीतून लावायचा, असं म्हणा. ते लावणाऱ्यांनी त्या दिवसांत दारूला शिवू नये अशी ताकीद असते ती उगीच नाही. यकृतात दारू पचवणारी पायरी हे रसायन अडवतं, आणि माणूस लालबुंद होऊन धापा टाकायला लागतो.

यापेक्षा मला डाळिंबवाल्यांची रीत जास्त आवडते. तिच्यात बाटली नाही, निदान मुळात नव्हती. थंडी नाही तर तहान. सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याकडे हिवाळ्याच्या तोंडाशी एखाद्या बागेत गेलात आणि पिवळी पडलेली, अर्धी निष्पर्ण झाडं पाहून "बाग गेली वाटतं" म्हणालात, तर मालक हसेल. बाग ताणावर आहे. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं, धरायचा म्हणून पाणी तोडलेलं आहे, हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत त्याहून जास्त. शेंड्याची वाढ थांबते, पानांनी केलेलं अन्न नव्या पालवीवर उधळलं न जाता काड्यांत साठतं, पानं झडतात. मग हलकी छाटणी, खतं, आणि पाणी. तेही पहिलं पाणी बेताचंच, एकदम भरपूर दिलं तर बाग फुलाऐवजी पानावर जाते. दोन-तीन आठवड्यांत लालभडक कळ्यांनी झाड भरतं. नागपूरच्या संत्र्यालाही असाच ताण देतात, फक्त तिथली काळी जमीन ओल सोडत नाही, त्यामुळे झाडाला तहान लावणं हेच मोठं काम होऊन बसतं. आणि सगळं जमून आलं असताना डिसेंबरात अवकाळी पाऊस कोसळला, तर शेतकरी दोनच शब्द बोलतो, "ताण तुटला." झाड अर्धवट जागं होतं, इथे चार फुलं, तिथे दोन, आणि बहार एकसंध येत नाही.

या सगळ्यावरून माणसाने हिवाळ्यात किती झोपावं, असा सल्ला काढण्याचा मोह आजकाल फार जणांना होतो. तिथे जरा हात आखडता घेतलेला बरा. बर्लिनमधल्या एका झोपेच्या प्रयोगशाळेने 188 रुग्णांच्या नोंदी तपासून 2023 मध्ये सांगितलं, की स्वप्नं पडणारी झोप हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा सुमारे अर्धा तास जास्त होती. पण ती माणसं झोपेच्या तक्रारी घेऊन आलेली होती, आणि बर्लिनचा डिसेंबर म्हणजे जेमतेम आठ तासांचा दिवस. मुंबईत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात सव्वादोन तासांचाच फरक पडतो. माणसाला कळ्या नसतात, आणि आपल्याला कॅलोज कुणी भरत नाही.

हापूसची गोष्ट मात्र राहिली, आणि ती या सगळ्यांना छेद देणारी आहे. आंब्याच्या डोळ्यात आधीपासून काही दडलेलं नसतं. फांदीचा शेंडा पावसाळ्यानंतर नुसता थांबलेला असतो, काय व्हायचं हे न ठरवता. फांदीवरची पानं जून झालेली असली आणि रात्री गारठल्या, तर तो मोहोर होतो. रात्री उबदार राहिल्या किंवा ऑक्टोबरचा पाऊस लांबला, तर तोच शेंडा तांबूस पालवी होऊन बसतो, आणि ती जून होईपर्यंत महिने जातात. कधीकधी तर एकाच तुऱ्यात खाली पानं, वर फुलं, असा गोंधळही दिसतो. कोकणात पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल हे औषध देतात ते जिबरेलिन रोखून ही पालवी थांबवण्यासाठी. झाडाला जबरदस्तीने बसवून ठेवण्याचा तो प्रकार आहे.

थंडी जास्त झाली तरी पंचाईतच. नोव्हेंबर-डिसेंबरात मोहोर येऊन फळ धरतं, वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या कैऱ्या लोंबायला लागतात, आणि जानेवारीत थंडीची एक जोरदार लाट येते. मग कैऱ्या असलेल्या फांदीवरच पुन्हा मोहोर फुटतो. रत्नागिरी-देवगडकडे याला पुनर्मोहोर म्हणतात. नवा तुरा फांदीतलं अन्न ओढून घेतो आणि आधीच्या कैऱ्या पटापट गळतात. बाजारात सगळ्यात आधी पोचणारा, म्हणजे सगळ्यात महाग विकला जाणारा आंबा या गळलेल्या कैऱ्यांचाच झाला असता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर सुचवलेला उपाय म्हणजे जिबरेलिक आम्लाची, म्हणजे जिबरेलिनचीच, फवारणी. पावसाळ्यात बुंध्याशी ओतलेल्या औषधाने जे दाबलं, तेच हिवाळ्यात मोहोरावर फवारायचं.