अपयशाचे परीक्षण आणि अपयश उगाळणे

अपयश आलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण सांगतो, झाले गेले विसरून जा. दुसरा सांगतो, शांतपणे बसून विचार कर आणि कुठे चुकले ते शोध. पहिला सल्ला देणारा परीक्षणालाच उगाळणे समजतो, आणि दुसरा सल्ला ऐकणारा बहुतेक वेळा उगाळण्यालाच परीक्षण समजून रात्र रात्र जागत राहतो. या दोन गोष्टींची गल्लत इतक्यांदा आणि इतक्या ठामपणे केली जाते की, त्यांतील फरक एकदा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते. अपयश स्वीकारून पुढे जाता येते की नाही, हे मोठ्या प्रमाणात या फरकावर अवलंबून असते.

उगाळणे म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. तोच प्रसंग, तीच वाक्ये, तीच बोच आणि शेवटी तोच निष्कर्ष, हे चक्र सर्वांच्या परिचयाचे आहे. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९९१ मध्ये त्यावर सविस्तर मांडणी केली आणि अशा चक्रामुळे खिन्नता लांबते, असे दाखवून दिले. त्यामुळे ओळखीच्या गोष्टीत न रमता आपण थेट फरकाकडे वळू.

काही फरक लोक आवर्जून सांगतात, पण ते फारसे उपयोगाचे नाहीत. किती वेळ विचार केला, यावरून काही ठरत नाही, कारण तासभर चाललेले परीक्षण आणि दहा मिनिटांचे उगाळणे, दोन्ही शक्य असतात. एकट्याने विचार केला की कोणाशी बोलून, यावरूनही ठरत नाही. दोन मित्र मिळूनही एकच दुःख मनसोक्त उगाळू शकतात. विचार करताना वाईट वाटले की नाही, ही कसोटी तर सर्वांत फसवी आहे. नोलेन-होक्सेमा यांचाही सहभाग असलेल्या २००३ च्या एका अभ्यासात खिन्न विचारांचे दोन घटक वेगळे काढले गेले, एक नुसते खंतावत राहण्याचा आणि दुसरा प्रश्न सोडवण्याच्या हेतूने आत वळून पाहण्याचा. त्या वेळेपुरते पाहिले तर दुसऱ्या घटकाचाही संबंध खिन्नतेशी दिसला. मात्र काळ गेल्यावर खंतावणाऱ्यांची खिन्नता वाढलेली आणि आत वळून पाहणाऱ्यांची कमी झालेली आढळली. परीक्षणही दुखतेच. म्हणून ‘त्रास होतोय ना, मग तो विचार सोडून दे’ हा सल्ला मला चुकीचा वाटतो.

खरा फरक प्रश्नाच्या जातीत आहे, आणि माणसे नेमकी तिथेच फसतात. उगाळताना पडणारे प्रश्न अमूर्त असतात आणि ते माणसाविषयी असतात: माझ्याच बाबतीत असे का होते, मी असा कसा, माझ्यात काय कमी आहे. परीक्षणाचे प्रश्न ठोस असतात आणि ते घटनेविषयी असतात: कोणत्या क्षणी गोष्ट हातातून निसटली, त्याच्या आधी काय घडले, त्या वेळी मला काय ठाऊक होते, मी दुसरे काय करू शकलो असतो. पहिल्या जातीचे प्रश्न खोल वाटतात, म्हणून त्यांनाच प्रामाणिकपणा समजले जाते; दुसऱ्या जातीचे प्रश्न किरकोळ आणि कोरडे वाटतात, म्हणून ते कोणी विचारत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. एका उमेदवाराची मुलाखत फसली आहे. घरी परतल्यावर तिच्या मनात सुरू होते: मला बोलताच येत नाही, सगळ्यांसमोर माझे असेच होते, मी या कामाच्या लायकीचीच नाही. यातले एकही वाक्य खरे की खोटे, हे तपासण्याची सोय नाही, आणि ते खरे मानले तरी पुढच्या मुलाखतीपूर्वी काय करायचे, हे त्यातून कळत नाही. आता तीच उमेदवार कागद घेऊन बसते आणि प्रसंग क्रमाने लिहिते. पहिले दोन प्रश्न नीट गेले. तिसरा प्रश्न होता, आधीच्या नोकरीत तुम्ही खर्च कसा कमी केलात? तिने उत्तराची सुरुवात त्या विभागाच्या जुन्या इतिहासापासून केली, बराच वेळ बोलूनही मुद्दा आला नाही, समोरच्याने मध्येच थांबवले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक उत्तरात तिचे निम्मे लक्ष त्या थांबवण्याकडेच राहिले. आकडे तिला माहीत होते, पण आधी उजळणी केलेली नसल्यामुळे ऐन वेळी आठवले नाहीत. इथे हाताला दोन गोष्टी लागल्या: आकड्यांची उजळणी करायची आणि उत्तराची सुरुवात निष्कर्षापासून करायची. ‘मी लायकीची नाही’ आणि ‘तिसऱ्या उत्तराला मी चुकीच्या टोकापासून सुरुवात केली’ ही दोन्ही वाक्ये एकाच अपयशाविषयी आहेत, पण दुसऱ्या वाक्यावर उद्या सकाळी काम सुरू करता येते.

एडवर्ड वॉटकिन्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच फरकावर प्रदीर्घ काम केले आहे. त्याने आणि त्याच्या सहकारी संशोधिकेने २००५ मध्ये नैराश्याच्या रुग्णांचे दोन गट केले आणि दोघांनाही स्वतःकडेच लक्ष द्यायला लावले. फक्त एका गटाला कारणे आणि अर्थ यांचा अमूर्त विचार करायला सांगितले, तर दुसऱ्याला क्षणाक्षणाच्या ठोस अनुभवाचा. ठोस विचार करणाऱ्या गटाची व्यवहारातील अडचणी सोडवण्याची क्षमता सुधारली. विषय तोच, माणसेही तशीच. बदलली ती विचाराची पातळी. त्यामुळे ‘विचार कमी करा’ असे सरसकट सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. विचाराचा रोख बदलायला हवा.

परीक्षण प्रामाणिक राहायचे असेल, तर आणखी एका सापळ्याची जाणीव हवी. निकाल कळल्यानंतर तो आधीपासूनच दिसत होता, असे मन स्वतःला पटवते. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना १८१४ च्या ब्रिटिश-गुरखा संघर्षाचे वर्णन वाचायला दिले आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगितला. आपल्याला सांगितलेला शेवटच अधिक संभवनीय होता, असे त्या त्या गटाला वाटले. अपयशानंतर ‘मला कळायलाच हवे होते’ असे स्वतःला बजावणारा माणूस याच भ्रमात सापडलेला असतो. न्याय करायचा असेल, तर त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवर निर्णय कसा होता, एवढेच पाहावे. ज्या गोष्टी नंतर उघड झाल्या, त्यांचा दोष तेव्हाच्या स्वतःवर लादणे अन्यायाचे आहे, मग ते कितीही विनम्र वाटो.

आता, अपयश सर्वांत मोठा गुरू असतो, या वाक्याविषयी. ते मला मुळीच पटत नाही. लॉरेन एस्क्रीस-विंकलर आणि आयेलेत फिशबाख यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना दोनच पर्याय असलेले प्रश्न दिले. अशा प्रश्नात ‘तुमचे उत्तर चुकले’ एवढे कळले, तरी बरोबर उत्तर कोणते ते आपोआप कळते. तरीही पुढच्या चाचणीत, उत्तर बरोबर आल्याचे ज्यांना सांगितले गेले, ते जास्त शिकलेले दिसले. चुकल्याचे कळताच मन दुखावते आणि माहितीकडे पाठ फिरवते. मात्र दुसऱ्याची चूक पाहताना हा अडथळा राहिला नाही. यातून निघणारी युक्ती साधी आहे: आपले अपयश दुसऱ्याचे असावे तसे वाचायचे. ईथन क्रॉस आणि ओझलेम आयडुक यांनीही आपल्या अभ्यासांत दाखवले आहे की, दुखऱ्या प्रसंगाकडे तिऱ्हाईताच्या नजरेने पाहिल्यास त्याच कारणांचा विचार कमी जाळतो आणि अधिक उमज देतो. ‘मी’ ऐवजी स्वतःचे नाव घेऊन तो प्रसंग लिहून पाहावा. पहिल्या काही ओळी अवघडल्यासारख्या वाटतात, मग लेखणी सैल होते.

विसरून जा म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, विचार दाबून तो जात नाही. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात, पांढऱ्या अस्वलाचा विचार आधी दाबायला लावलेल्यांच्या मनात नंतर मोकळीक मिळताच तो अधिकच उसळून आला. आणि स्वतःशी नरमाईने वागले की माणूस ढिला पडतो, हा समज तर मला सर्वांत जास्त खुपतो. जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अवघड शब्दचाचणीत आपटी खाल्लेल्यांपैकी ज्यांना स्वतःकडे कणवेने पाहायला सुचवले, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःला फटकारणे ही मेहनत नव्हे, आणि शिक्षा भोगून झाली म्हणजे धडा शिकून झाला, असेही नाही.

परीक्षण कुठे थांबवायचे, हे बहुतेक कोणी सांगत नाही. नवा तपशील सापडेनासा झाला आणि जुनीच वाक्ये परत येऊ लागली की परीक्षण संपून उगाळणे सुरू झालेले असते. तिथे कागद मिटावा, मग मनाचे समाधान झालेले असो वा नसो. काही अपयशांत तर धडा नसतोच. जागा एक आणि पात्र माणसे अनेक असली, तर पात्र माणसांपैकीच कोणाला तरी नकार मिळतो. अशा ठिकाणी ओढूनताणून चूक शोधणारा माणूस पुढच्या वेळी नीट चाललेली गोष्ट बदलून बसतो. ‘यात माझ्या हातात काही नव्हते’ हा निष्कर्ष पुरावे पाहून काढलेला असेल, तर तीही पूर्ण झालेली तपासणीच आहे.

मात्र खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज राहत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर कागद-लेखणीवर विसंबून राहू नये. तेव्हा डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना गाठायला हवे, आणि जगणे नकोसे वाटत असेल तर त्यासाठी दोन आठवडे थांबू नये.

आपल्या माणसाला अपयश आले असेल, तर आपणही कोणता प्रश्न विचारतो, याकडे लक्ष द्यावे. ‘असे कसे झाले तुझे?’ या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते, म्हणून तो स्वतःच्या स्वभावाची चिरफाड सुरू करतो. ‘नेमके कुठे अडले?’ असे विचारले, तर तो तिसऱ्या प्रश्नाविषयी, विसरलेल्या आकड्यांविषयी सांगू लागतो.