ब्राउझरमध्ये उघडली म्हणजे फाइल पास झाली का?

जून-जुलै आला की सोलापुरातल्या ओळखीच्या शाळांचे क्लार्क पोर्टलवर चढवायच्या विद्यार्थी-यादीची एक्सएमएल फाइल (प्रत्येक माहितीला <इयत्ता> अशा खुणेत, म्हणजे टॅगमध्ये, ठेवणारी फाइल) पेनड्राइव्हवर घेऊन येतात. तक्रार ठरलेली: "ब्राउझरमध्ये उघडायलीय की ओ सर, मग पोर्टल का घेईना?"

कारण उघडणं ही वेल-फॉर्म्ड असल्याची खूण आहे, आणि पोर्टलला व्हॅलिड फाइल लागते.

वेल-फॉर्म्ड म्हणजे एक्सएमएलचं व्याकरण पाळलेलं. सगळं पोटात घेणारा बाहेरचा टॅग एकच, उघडलेला प्रत्येक टॅग बंद, आणि शेवटी उघडलेला आधी बंद. १९९८ पासूनचे हे नियम जगभर सारखेच. इथं बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात: शाळेच्या नावातलं "प्राथमिक & माध्यमिक". त्या चिन्हाला एक्सएमएलमध्ये वेगळा अर्थ आहे, त्यामुळे पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्राम, तिथंच थांबतो. मूळ नावात "आणि" असेल तर तेच लिहा.

व्हॅलिड म्हणजे माहिती मागणाऱ्यानं दिलेल्या स्कीमाशी जुळणारी. स्कीमा म्हणजे कोणते टॅग, कोणत्या क्रमानं आणि आत कसली माहिती हवी हे सांगणारी एक्सएसडी फाइल. आमच्या गावच्या भाषेत सांगायचं तर धागा तुटलेला नाही, काठ सुटलेला नाही, माल एकदम चोख. पण ऑर्डर चादरींची होती आणि गठ्ठ्यात टॉवेल निघाले!

हे बघा (टॅग देवनागरीत चालतात, बरं का):

<विद्यार्थी>
<जन्मतारीख>१४/०६/२०१५</जन्मतारीख>
<इयत्ता>पाचवी</इयत्ता>
</विद्यार्थी>

व्याकरणात खोट नाही. पण स्कीमात जन्मतारखेचा प्रकार "डेट" असेल तर तिला २०१५-०६-१४ असंच लागतं, तेही इंग्रजी अंकांत. इयत्ता पूर्णांक मागितली असेल तर "पाचवी" बाद, आणि देवनागरी "५" सुद्धा बाद. गंमत म्हणजे स्कीमाच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे मजकुराच्या साच्यात, नुसतं "कोणताही अंक" म्हटलं असेल, तर देवनागरी अंक बिनबोभाट आत जातात. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, लेखी तेही अंकच. शिवाय क्रम ठरवून दिला असेल आणि इयत्ता आधी हवी असेल, तर दोन्ही किमती बरोबर असूनही फाइल परत.

एक्सेलमधून माहिती काढणाऱ्यांनी आधारच्या रकान्याकडे लक्ष ठेवावं. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळेचा २७३० नं सुरू होणारा युडायस क्रमांक ११ अंकी, तो एक्सेलमध्ये जसाच्या तसा राहतो. आधार १२ अंकी, आणि साध्या रकान्यात एक्सेल त्याचं "१.२३ई+११" सारखं काहीतरी करून टाकतं. तेच फाइलमध्ये उतरलं तर ब्राउझरला त्याचं काही नसतं. १२ अंक मोजणारा स्कीमा मात्र पकडतो. रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा.

तपासताना आधी घडण (वेल-फॉर्म्ड आहे का), मग स्कीमा (व्हॅलिड आहे का). पहिली पायरी चुकली की दुसरीचे निरोप वाचण्यात अर्थ नाही. नोटपॅड प्लस प्लसच्या एक्सएमएल प्लगिनला एक्सएसडी दिली, की चुकलेली ओळ सापडते.

परवा एक फाइल दोन्ही चाचण्यांत बिनचूक निघाली. क्लार्क खूश. यादी वरून खाली नेली तर एका वर्गातल्या नऊ पोरांची जन्मतारीख १ जून! तारखेचा साचा अगदी बरोबर होता, स्कीमाची काहीच हरकत नव्हती. क्लार्कला म्हटलं, आता जनरल रजिस्टर काढा, शाळेतली पोरांची मूळ नोंदवही.