दुसरा राउटर जोडण्याआधी एवढं वाचा

‘वायफायच्या दांड्या फुल्ल दिसतात, पण नेट येईना झालंय.’ असा फोन दुकानात आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरात नवीन काय जोडलंत? उत्तरही ठरलेलं: ‘काही नाही की ओ.’ मग जाऊन बघावं तर माडीवर टीव्हीच्या मागं एक राउटर लुकलुकत असतो. मुलानं ऑनलाइन मागवलेला, नाहीतर पुण्याच्या पाहुण्यांनी घर बदलताना देऊन टाकलेला.

राउटर आणलात याबद्दल तक्रार नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड भिंती, खानापूर भागातलं जांभ्या दगडाचं बांधकाम, त्यावर स्लॅबची माडी, यातून खालचं वायफाय वर नीट पोचत नाही हे खरंच आहे. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तर अशा भिंतीपुढं लगेच दमतो. तेव्हा वर दुसरं यंत्र लागणारच. मात्र ते खोक्यातून काढून तसंच जोडायचं नाही.

कंपनीनं बसवलेली फायबरची पेटी बहुतेक घरांत स्वतःच राउटर असते. घरातल्या प्रत्येक फोनला, संगणकाला, प्रिंटरला, कॅमेऱ्याला १९२.१६८.१.२३ असा पत्ता वाटायचं काम तिचं. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. नवा राउटरही कारखान्यातून हेच काम चालू ठेवून येतो. त्याच्या लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या भोकात) खालून आलेली केबल खोचली की घरात पत्ते वाटणारे दोघे झाले. दवाखान्यात दोन खिडक्यांवर दोघं आपापल्या मनानं नंबर वाटायला बसले तर जे होईल, तेच इथं होतं. नव्या राउटरला स्वतःचं नेट नसतं, तरीही तो सगळ्यांना सांगतो की बाहेर जायचा रस्ता माझ्याकडून आहे. ज्यांनी त्याचं ऐकलं त्यांच्या दांड्या फुल्ल आणि नेट बंद. त्यातून दोन्ही पेट्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच असेल तर विचारूच नका.

यात फसवणारी गोष्ट अशी की जोडल्या दिवशी बहुधा सगळं चालतं. आधीपासून चालू असलेले फोन मिळालेला पत्ता मुदत संपेपर्यंत धरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी कुणी बाहेर जाऊन आलं, कुणी लॅपटॉप बंद करून चालू केला, की तो नव्यानं पत्ता मागतो, आणि दोघांपैकी जो आधी उत्तर देईल त्याचा घेतो. त्यामुळं वडिलांचा फोन चालतो, मुलीचा चालत नाही, संध्याकाळी उलटं. मग दोष फोनला, कंपनीला, पावसाला. रविवारी जोडलेल्या राउटरवर मंगळवारी कुणाचाच संशय जात नाही, आणि आमचा वेळ जातो तो तिथंच.

वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत घ्यायच्या भोकात) केबल लावली तर नेट वरही चालतं, म्हणून लोक खूश होतात. पण मग माडीवरचं एक निराळंच जाळं तयार होतं. नेट आहे, पण खालचा प्रिंटर वरून दिसत नाही, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर सापडत नाही, आणि आम्ही बसवलेला घरचा सर्व्हर (सगळ्यांसाठी सतत चालू असणारा संगणक) खालून वरच्या संगणकाकडं बघूच शकत नाही. ‘तुमचा सर्व्हर बिघडला’ म्हणून आलेल्या फोनांत हेच जास्त. सर्व्हर बिचारा आपल्या जागी चालू असतो.

स्वतः करायचं असेल तर असं करा. नवा राउटर घरच्या जाळ्याला जोडायच्या आधी लॅपटॉपला एकटाच जोडा. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (म्हणजे राउटरनं नुसतं वायफाय द्यायचं) असेल तर तो निवडा, पत्ते वाटायचं काम आपोआप बंद होतं. तो नसेल तर राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (जुन्या पेटीचा १९२.१६८.१.१ असेल तर, आणि हा २ नंबर दुसऱ्या कुणाला दिलेला नसेल तर), डीएचसीपी बंद करा, मग खालची केबल लॅन पोर्टात लावा. वॅन पोर्ट रिकामं राहू दे. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालचाच ठेवा, फोन जिना चढताना आपला आपण बदलतो. २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल मात्र वेगळं द्या: खाली १ असेल तर वर ६ किंवा ११.

गोंधळ आधीच झाला असेल तर फोन करण्यापूर्वी एक बघून ठेवा. चालणारा एक फोन आणि न चालणारा एक फोन शेजारी ठेवा. दोन्हींच्या वायफाय सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावावर टिचकी मारली की आयपी ॲड्रेस (फोनला मिळालेला पत्ता) आणि गेटवे (बाहेर जायचा रस्ता देणाऱ्या पेटीचा पत्ता) दिसतो. आयफोनवर गेटवेच्या जागी राउटर लिहिलेलं असतं. दोन्हींचे गेटवे वेगळे निघाले तर चोर सापडला. नवा राउटर काढा, बंद पडलेले फोन वायफाय बंद-चालू करून परत जोडा. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर गोष्ट वेगळी: त्याला कुणीच पत्ता दिलेला नाही, केबल तपासा.

आणि कृपा करून राउटरच्या मागचं बारीक भोक टाचणीनं दाबू नका. त्यानं रीस्टार्ट होत नाही, सगळं पुसलं जातं. कंपनीचा लॉगिनही त्यात जाऊ शकतो, मग त्यांच्या माणसाची वाट बघत बसायचं. तसंच दिवाळीच्या साफसफाईत लोंबणारी केबल ‘निघाली असेल’ म्हणून नेटवर्क स्विचच्या (पुष्कळ केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीच्या) रिकाम्या भोकात खोचू नका. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये असेल तर साध्या स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि अख्खं जाळं बंद पडतं. आम्ही पोर्टांवर लाल टेप लावतो ती यासाठी. दिसायला बरी नाही हे मान्य, पण काढू नका.

‘दहा मिनिटांचं काम आणि एवढा चार्ज?’ असं काहीजण म्हणतात. दुरुस्ती दहा मिनिटांचीच असते, शोध तेवढ्यात लागत नाही. नवीन काय जोडलं ते फोनवर सांगितलंत तर पुष्कळदा फोनवरच सुटतं आणि त्याचे आम्ही काही घेत नाही. केबल महाग लावता अशीही तक्रार असते. आम्ही शुद्ध तांब्याची कॅट ६ वापरतो. तांब्याचा नुसता मुलामा असलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण वाकवली की आत तुटते. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या वेगाला, केबलमधल्या आठही तारा लागतात. एक गेली तर वेग १०० एमबीपीएसवर येतो, किंवा लाइन बंदच.

लाइट गेल्यावर नेट चालू राहावं म्हणून राउटर आणि फायबरच्या पेटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो (पेटीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना, ते बघा). घरच्या सर्व्हरला तो चालत नाही. त्याला, वेळ संपत आली की सर्व्हरला स्वतःहून नीट बंद व्हायला सांगणारा यूपीएस लागतो. तो आमच्याकडं आहे.

हेच पत्रक कन्नडमध्येही काउंटरवर ठेवलं आहे, भाडेकरूंना द्या. घरात जुना राउटर पडून असेल तर नवा घ्यायच्या आधी अडॅप्टरसकट दुकानात आणा. ॲक्सेस पॉइंट म्हणून चालण्यासारखा असेल तर सेटिंग करून तोच परत देऊ.